माहेर, कन्याकुमारी

लग्न झालेल्या बाईच्या मनात माहेरचा पत्ता कायमचा कोरलेला असतो. घर विकलं, गाव सुटलं, आई-वडील भावाकडे राहायला गेले, तरी माहेर म्हटलं की तिला तोच ओटा, तीच खिडकी आणि स्वयंपाकघरातून आलेली तीच हाक आठवते. माझं माहेर बेंगळूरुच्या जालहळ्ळीत होतं, भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या वसाहतीत. आता ते कन्याकुमारीला आहे. तिथे आमचं घर नाही, जमीन नाही, कुणी नातेवाईक नाहीत. समुद्राकाठच्या विवेकानंदपुरम या परिसरात विवेकानंद केंद्राने दिलेल्या छोट्याशा निवासात माझे आई-बाबा राहतात आणि देशभरातून येणाऱ्या माणसांची सेवा करतात. केंद्रात त्यांना वानप्रस्थी कार्यकर्ते म्हणतात. मुलांना नाताळची सुट्टी लागली की मी, माझा नवरा, तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा असे चौघं तिकडे जातो.

या जाण्याला माहेरपण म्हणावं का, हा प्रश्न मला पुष्कळदा पडला आहे. माहेरपणात लेकीने उशिरा उठायचं असतं. आईने तिच्या आवडीचं करून वाढायचं असतं, वडिलांनी बाजारातून पिशवी भरून आणायची असते, आणि निघताना ओटी भरून घ्यायची असते. विवेकानंदपुरमला आईचा स्वयंपाक असा उरलेलाच नाही. सगळे भोजनालयात एकत्र बसतात, आधी प्रार्थना म्हणतात आणि मग ताटात जे येईल ते खातात. मी उठते तेव्हा आई-बाबा प्रातःस्मरण आटोपून कामाला लागलेले असतात. लेक आली म्हणून रजा घ्यावी असं दोघांच्याही मनात येत नाही, कारण आमची सुट्टी हाच तिथला सर्वांत गर्दीचा काळ. शबरीमलैला निघालेले किंवा तिथून परतणारे काळ्या वस्त्रांतले अय्यप्पाभक्त, नाताळची सुट्टी साधून आलेली कुटुंबं, शाळांच्या सहली, आणि महाराष्ट्रातून रामेश्वर-मदुरै-कन्याकुमारी करत आलेल्या दक्षिणयात्रेच्या बसगाड्या, सगळं डिसेंबरात एकदम येतं.

बाबांनी हा बेत पहिल्यांदा बोलून दाखवला तेव्हा घरात कुणालाच तो सोपा वाटला नाही. बेंगळूरुतल्या आमच्यासारख्या घरांचा डोलारा आजी-आजोबांवर उभा असतो. नवरा-बायको दोघंही नोकरीत, दिवसातले दोन-तीन तास हेब्बाळच्या नाहीतर सिल्क बोर्डाच्या कोंडीत जाणार, मुलांची शाळा एका टोकाला आणि ऑफिस दुसऱ्या. अशा घरात शाळेच्या बसपाशी उभं राहणारं, तापात कपाळावर हात ठेवणारं, संध्याकाळी शुभंकरोति म्हणून घेणारं माणूस म्हणजे आजी. माझा धाकटा तेव्हा अगदी लहान होता. मला आईची गरज होती आणि आईला ते पुरतं ठाऊक होतं. तिने माझ्याशी वाद घातला नाही. धाकटा शाळेत रुळेपर्यंत थांबते, एवढंच म्हणाली, आणि खरोखर तोपर्यंत थांबली. मग दोघांनी जालहळ्ळीच्या घरातलं सामान वाटून टाकलं आणि आयलंड एक्स्प्रेसचं तिकीट काढलं.

लोकांनी जे विचारायचं ते विचारलंच. लेक-जावयाशी पटत नाही का? पेन्शन पुरत नाही का? इतक्या लांब, तेही या वयात? आपल्या समाजात म्हातारपणाची दोनच चित्रं तयार असतात. एक मुलांच्या घरातलं, दुसरं वृद्धाश्रमातलं. पहिलं भाग्याचं, दुसरं दुर्दैवाचं. साठी उलटलेलं, हातीपायी धड, पोटापुरतं पेन्शन असलेलं जोडपं आपल्या मर्जीने कामाला जातं, असं तिसरं चित्र चटकन कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. खरं तर आपल्या मातीला ते नवं नाही. शेगावला गजानन महाराजांच्या संस्थानात हजारो सेवेकरी पाळीपाळीने येऊन झाडण्यापासून वाढण्यापर्यंत सगळं करतात आणि आपापल्या गावी परततात. गोंदवल्याला निवृत्त माणसं कितीतरी दिवस राहून प्रसादाच्या पंगती सांभाळतात. अमृतसरला हरमंदिर साहिबात जोडे सांभाळायला आणि भांडी घासायला मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसं उभी राहतात. अमेरिकेत इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदीकाठी नॉवू नावाचं गाव आहे. मॉर्मन पंथाचे लोक 1839 ते 1846 या काळात तिथे राहत होते. त्यांच्या जपून ठेवलेल्या घरांत आज त्या पंथातली निवृत्त जोडपी स्वखर्चाने काही महिने राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना तो इतिहास सांगतात. मुलं-नातवंडं सुट्टीत त्यांना भेटायला जातात. हे मी वाचलं तेव्हा मला फार आपलंसं वाटलं. धर्म वेगळा, देश वेगळा, आणि तरी तिथल्या एखाद्या लेकीलाही आईला भेटायचं तर आधी आईचं काम संपायची वाट पाहावी लागत असेल.

आई-बाबांच्या या जाण्याचं मूळ बेंगळूरुतच आहे. आमच्या लहानपणी रविवारी बसवनगुडीच्या रामकृष्ण मठात जायचा नेम होता. जालहळ्ळीहून दोन बस बदलून जायचं, प्रार्थनागृहात बसायचं आणि मग मागच्या बाजूला असलेल्या त्या शिळेपाशी जायचं. 1911 च्या मार्च महिन्यात रामेश्वरची यात्रा करून श्रीशारदादेवी बेंगळूरुला आल्या होत्या. एका संध्याकाळी त्या मठामागच्या खडकावर जाऊन शांत बसल्या. ते कळताच स्वामी रामकृष्णानंद धावत आले आणि त्यांच्या पायांशी लोटांगण घालून स्तोत्र म्हणू लागले. ती जागा मठाने आजवर जपली आहे. आई आम्हाला तिथे हात जोडायला लावायची आणि ही गोष्ट सांगायची. खडकाला हात का जोडायचे, असं मी विचारलं की ती म्हणायची, “कुणी जपला म्हणून आज आपल्याला दिसतोय ना? जपणाऱ्यालाही नमस्कार पोचतो.”

विवेकानंद केंद्र ही रामकृष्ण मठाहून वेगळी संस्था. पण बसवनगुडीची शिळा आणि कन्याकुमारीची शिळा यांच्यामधून जाणारा एक धागा बाबा नेहमी दाखवतात. विवेकानंद 1892 मध्ये परिव्राजक म्हणून हिंडत होते. मुंबईहून पुण्याला जाताना गाडीच्या डब्यात त्यांची लोकमान्य टिळकांशी गाठ पडली आणि पुण्यात आठ-दहा दिवस ते टिळकांच्याच घरी राहिले. टिळकांनी नाव विचारलं तेव्हा मी एक संन्यासी, एवढंच त्यांनी सांगितलं. पुढच्या वर्षी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेची बातमी देशभर झाली, तेव्हा आपला तो पाहुणा हाच असावा असं टिळकांच्या ध्यानात आलं. पुण्यानंतर कोल्हापूर, बेळगाव, मडगाव असं करत ते बेंगळूरुला आले, दिवाण शेषाद्री अय्यर यांच्याकडे उतरले, मग म्हैसूर आणि तिथून केरळमार्गे कन्याकुमारी. 25, 26 आणि 27 डिसेंबर 1892 हे तीन दिवस त्यांनी समुद्रातल्या त्या शिळेवर ध्यानात घालवले. 19 मार्च 1894 रोजी शिकागोहून आपल्या एका गुरुबंधूला लिहिलेल्या पत्रात, हिंदुस्थानच्या त्या शेवटच्या खडकावर बसून आपल्याला काय सुचलं ते त्यांनी कळवलं. घरदार सोडलेल्या माणसांनी गावोगाव जाऊन तळातल्या माणसापर्यंत शिक्षण न्यावं, अशी ती योजना होती. तो गुरुबंधू म्हणजे शशी महाराज, म्हणजेच स्वामी रामकृष्णानंद. बसवनगुडीच्या मठाचं काम 1904 मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली सुरू झालं, आणि पुढे शारदादेवींसमोर लोटांगण घातलं तेही त्यांनीच. कन्याकुमारीच्या खडकावरचा विचार असा पत्रातून प्रवास करत आमच्या बेंगळूरुत आला. बाबा म्हणतात, आम्ही फक्त तोच रस्ता उलटा चाललो.

आयलंड एक्स्प्रेस रात्री बेंगळूरु सोडते. सकाळी जाग येते तेव्हा खिडकीबाहेर केरळ असतं. भातखाचरं, नारळीच्या बागा, खाड्यांवरचे पूल, आणि दिवसभर तो हिरवा रंग संपत नाही. दुपारी तिरुवनंतपुरम आणि नागरकोविल मागे टाकून गाडी कन्याकुमारीला टेकते. तिथे रूळच संपतात. बाबा फलाटावर येतील अशी अपेक्षा आम्ही ठेवत नाही. मुलांना आता रस्ता पाठ आहे. विवेकानंदपुरम जवळच आहे, आणि फाटकातून आत शिरताच झाडीतून मोरांचे आवाज येऊ लागतात. आम्ही स्वागतकक्षात जातो, इतर पाहुण्यांसारखे रांगेत उभे राहतो, आणि काचेपलीकडे आई असते.

काचेपलीकडची आई मला आधी कधी माहीत नव्हती. ती शाळेत गणित शिकवायची, पण ते तिचं जग आम्ही कधी पाहिलं नव्हतं. आमच्यासमोर ती फक्त आमची असायची. इथे मी तिला काम करताना पाहते. लातूरहून आलेल्या बसमधल्या एका आजींचे पाय सुजलेत, त्यांना तळमजल्यावरची खोली हवी. कुणाला मधुमेह आहे, जेवायला उशीर चालणार नाही. कुणाला उद्या सूर्योदय किती वाजता ते हवंय. एका कुटुंबाच्या नोंदीत घोळ झालाय आणि यजमान तावातावाने बोलताहेत. आई प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घेते आणि मगच उत्तर देते. साठीनंतर शिकलेली तिची तमिळ अडखळती आहे, तरी आवार झाडणाऱ्या बायका तिला अम्मा म्हणून हाक मारतात आणि आपल्या सुनांच्या बाळंतपणाची खबर आधी तिला देतात. मराठी यात्रेकरूंना काउंटरवर अचानक आपली भाषा ऐकू आली की त्यांच्या खांद्यावरचं ओझं निम्मं उतरतं. “बाई, तुम्ही इकडच्या कशा?” असं ते विचारतात. आई म्हणते, “इथे कामाला असते.” तिने आजवर कुणाला याहून मोठं उत्तर दिल्याचं मी ऐकलेलं नाही.

बाबांकडे प्रदर्शनाचं काम आहे. परिव्राजक विवेकानंदांचा प्रवास चित्रांतून आणि फलकांवरून मांडलेला आहे, तो ते लोकांना समजावून सांगतात. साताऱ्याच्या माणसांना टिळकांच्या घरातल्या मुक्कामाची हकिगत आधी, हुबळी-धारवाडच्या माणसांना बेळगाव आणि बेंगळूरुची. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषा त्यांच्या तोंडी आळीपाळीने येतात. एक गट बाहेर पडला की दुसरा येईपर्यंत ते फडकं घेऊन फलकांवरची धूळ पुसतात. समुद्राची खारी हवा तिथे सगळ्यावर बसते. लोखंड गंजतं, कागद दमट होतो, काच धुरकटते. भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्यांनी आयुष्यभर रडारच्या सुट्या भागांची तपासणी केली. धुळीचा एक कण काय करू शकतो हे त्यांना त्या नोकरीने शिकवलं, आणि तीच नजर आता या फलकांवरून फिरते.

एका दुपारी बाबा आम्हाला शिळेवर घेऊन गेले. धक्क्यावर लांबलचक रांग, मग फेरीबोटीत नारिंगी जॅकेटं अडकवून दाटीवाटीने बसणं आणि पाच-सात मिनिटांत पलीकडे. शिळेवर वारा इतका असतो की बोलायचं तर कानाशी वाकावं लागतं. आधी श्रीपाद मंडप लागतो. शिवाच्या प्राप्तीसाठी देवी कन्याकुमारीने एका पायावर उभं राहून तप केलं, तिचं पाऊल म्हणून जे मानतात ते खडकावरचं चिन्ह तिथे आहे. समोर विवेकानंद मंडप, आणि आत मुंबईचे शिल्पकार नारायणराव सोनावडेकर यांनी घडवलेला स्वामीजींचा ब्राँझचा पुतळा. शेजारच्या खडकावर तिरुवल्लुवरांची 133 फुटी मूर्ती आहे, 1 जानेवारी 2000 रोजी अनावरण झालेली. 2024 च्या डिसेंबरअखेर दोन्ही खडकांना जोडणारा काचेचा पूल खुला झाला आणि माझा मुलगा त्या काचेवरून खालच्या लाटा पाहत उभा राहिला, तो हलेचना.

हे स्मारक कसं उभं राहिलं ते बाबांनी नातवंडांना तिथेच पायरीवर बसून सांगितलं. 1963 हे विवेकानंदांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. शिळेवर स्मारक करायचं ठरलं आणि शिळा कुणाची यावरून हिंदू आणि स्थानिक ख्रिस्ती मच्छीमार यांच्यात तणाव झाला. मद्रासचे मुख्यमंत्री भक्तवत्सलम मोठ्या स्मारकाला तयार नव्हते. तेव्हा हे काम एकनाथजी रानडे यांच्याकडे आलं. अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचा जन्म, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरकार्यवाह राहिलेले. पण या कामासाठी ते सगळ्या पक्षांच्या दारांत गेले. 1963 च्या डिसेंबरात दिल्लीत त्यांनी 323 खासदारांच्या सह्या मिळवल्या, त्यांत काँग्रेसवाले होते, समाजवादी होते, द्रमुकचे होते, कम्युनिस्टही होते. पैशांसाठीही त्यांनी मोजक्या धनिकांवर विसंबायचं नाकारलं. देशभरातून सुमारे 30 लाख लोकांनी एक-एक, दोन-दोन रुपये दिले. माझी आजी सांगलीत प्राथमिक शाळेत शिकवायची. तिने वर्गातल्या मुलांकडून नाणी गोळा करून पाठवली होती, हे बाबांना तिच्याकडून कळलेलं. स्थपती एस. के. आचारी यांच्या देखरेखीखाली शेकडो कारागीर सहा वर्षं राबले, दगड होड्यांतून वाहून आणले, आणि 2 सप्टेंबर 1970 रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं. तेव्हा मुख्यमंत्री होते द्रमुकचे करुणानिधी. एवढं उभारल्यावर एकनाथजी थांबले नाहीत. दगडाचं स्मारक झालं, आता माणसांचं हवं, या विचाराने 7 जानेवारी 1972 रोजी त्यांनी विवेकानंद केंद्र स्थापन केलं आणि ज्यांना आपलं आयुष्य किंवा आयुष्याचा एक भाग द्यायचा आहे अशांना बोलावलं. 1982 मध्ये ते गेले. विवेकानंदपुरमच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांची समाधी आहे.

ऐकता ऐकता माझ्या मुलीने विचारलं, “मग त्या मच्छीमारांचं काय झालं?” प्रश्न तेराव्या वर्षाला शोभेल असा होता, आणि बाबांनी तो टाळला नाही. 26 डिसेंबर 2004 च्या सकाळी, म्हणजे ज्या तीन दिवसांसाठी ही शिळा ओळखली जाते त्यांतल्याच एका दिवशी, त्सुनामी आली. शिळेवर तेव्हा शेकडो यात्रेकरू होते आणि फेरीबोटी चालणं शक्य नव्हतं. किनाऱ्यावर मच्छीमारांच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या होत्या, त्यांची स्वतःची माणसं सापडत नव्हती. आणि तरी त्यांनी आपल्या होड्या काढल्या, शिळेवर अडकलेल्यांना एकेक करून किनाऱ्यावर आणलं. एकेकाळी शिळेवरून ज्यांच्याशी वाद झाला, शिळेवरची माणसं त्यांच्याच हातांनी वाचली. “स्मारकावर कोरलेली नावं वाच,” बाबा तिला म्हणाले, “पण न कोरलेलीही लक्षात ठेव.” मुलगी मग पुष्कळ वेळ काही बोलली नाही. संध्याकाळी गावातल्या चर्चच्या पांढऱ्या मनोऱ्यांपाशी ती आपण होऊन थांबली आणि दारात जाळं दुरुस्त करत बसलेल्या म्हाताऱ्याला तिने हात जोडले.

बाबांचं हे बोलणं ऐकताना मला त्यांच्या कामाचा अर्थ उमगत गेला. शिळा सहा वर्षांत सजली, पण ती रोज राखावी लागते. मीठ रोज बसतं, माणसं रोज येतात, त्यांचे प्रश्न रोज तेच असतात आणि विचारणारा मात्र दर वेळी नवा असतो. शंभराव्यांदा सांगतानाही ऐकणाऱ्याला ते पहिल्यांदाच मिळतंय हे भान ठेवणं, यालाच बहुधा साधना म्हणत असावेत. उभारणाऱ्यांचा इतिहास होतो. राखणाऱ्यांचा होत नाही आणि त्याची त्यांना खंतही नसते. जुन्या काळचा वानप्रस्थ माणसांपासून दूर अरण्याकडे जायचा. माझे आई-बाबा घर सोडून आणखी गर्दीत आले, आणि त्या गर्दीतल्या कुणालाच त्यांचं नाव ठाऊक नसतं.

या गर्दीत आई-बाबांचं एकमेकांशी असलेलं नातंही मी नव्याने पाहते. जालहळ्ळीत संसार होता, तेव्हा त्यांच्या बोलण्यात वीजबिल, फी, औषधं, कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण हेच असायचं. आता दिवसभर दोघं वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि दुपारच्या पंगतीत समोरासमोर येतात. तेव्हा त्यांच्या गप्पा ऐकाव्यात. “आज नाशिकचे एक गृहस्थ आले होते, त्यांनी मला एक वेगळाच प्रश्न विचारला,” असं बाबा सांगू लागतात, आणि आई हातातला घास थांबवून ऐकते. मग ती तिच्या काउंटरची हकिगत सांगते. दोघं जण एकाच कामातले सोबती झालेत. आई एकदा मला म्हणाली, “संसारात मी जे केलं ते मनापासून केलं, पण ते मला कुणी विचारलं नव्हतं, सून झाले आणि करत गेले. हे काम मी स्वतः मागून घेतलंय.” आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राबलेल्या बाईलाही एक सेवा स्वतः निवडायची असते, हे आपण बायकांनीसुद्धा आपल्या आयांच्या बाबतीत क्वचितच ध्यानात घेतलेलं असतं.

या सगळ्याला एक काळजीची किनार आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आईचे गुडघे दुखतात. बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. मोठ्या तपासणीसाठी नागरकोविलला जावं लागतं आणि मी बेंगळूरुत असते, एका रात्रीच्या आणि अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. फोन अवेळी वाजला की माझ्या काळजाचा ठोका चुकतो. शिवाय, आमच्या आई-बाबांना हे जमलं यात पेन्शनचा वाटा मोठा आहे. ज्याला म्हातारपणीही पोटासाठी राबावं लागतं त्याच्यापुढे ही निवड येतच नाही. या गोष्टी मी त्यांच्याशी उघड बोलते. मागे बाबांना विचारलं, “किती दिवस करणार आहात हे?” ते म्हणाले, “हात उपयोगाचे आहेत तोवर. मग तुझ्याकडे येऊ आणि तू करशील ते निमूट घेऊ. सेवा करायला शिकलेल्या माणसाला ती घेताही आली पाहिजे, नाहीतर शिकला काय?” त्यांच्या आवाजात कसलाही आव नव्हता. मल्लेश्वरमच्या आमच्या घरात एक खोली त्यांच्यासाठी आहे, तिच्यात त्यांची पुस्तकं आहेत, आणि ते येणार हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. तोवर ती खोली रिकामी राहिली तर तो माझ्या घरावर डाग नाही, हे मी मनाशी पक्कं केलं आहे.

मुलांना या सुट्टीतून काय मिळतं हे मी मोजत नाही, पण पाहते. मुलगी पुस्तकविक्रीच्या टेबलाशी बसून सुटे पैसे मोजून देते. मुलगा आजोबांबरोबर फडकं घेऊन फिरतो आणि त्याचा हात पोचतो तितक्या उंचीच्या काचा पुसतो. पहाटे सगळे मिळून किनाऱ्यावर सूर्योदयाला जातो तेव्हा आजीचा हात धरायला दोघांत चढाओढ लागते. बेंगळूरुत आजी होती तेव्हा ती त्यांच्यासाठी होती. इथे आजी पुष्कळांसाठी आहे, आणि तरी त्यांच्या वाट्याचं काही कमी झालेलं नाही, हे ते बघतात. प्रेम वाटलं म्हणून उणं पडत नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागलेलं नाही.

परवा मल्लेश्वरमच्या बाजारात वसाहतीतल्या जुन्या शेजारीण भेटल्या. त्यांच्या मुलाने त्यांना प्रशस्त घर दिलं आहे, दिमतीला बाई आहे, गाडी आहे. आई-बाबांची चौकशी करून झाल्यावर त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, “मला कुणी असं काही करतेस का म्हणून विचारलंच नाही गं.” त्यांच्या मुलाने काही कमी केलेलं नाही. तो चांगला मुलगा आहे, आणि आपल्यापैकी बहुतेक जण त्याच्यासारखेच असतो. आई-वडिलांनी साठी ओलांडली की आपण त्यांना कुठे राहायचं आहे ते विचारतो, औषधं वेळेवर घेता का ते विचारतो, पैसे पुरतात का ते विचारतो. हातात अजून दहा-पंधरा धडधाकट वर्षं आहेत, त्यांचं त्यांना काय करायचं आहे, हे मात्र विचारायचं राहून जातं. कुणाला शाळेत वाचून दाखवायचं असेल, कुणाला देवळातल्या पंगतीत वाढायचं असेल, कुणाला नुसतं अंगणात बसून नातवंडांना खेळवायचं असेल, आणि तेही तितकंच मोलाचं. उत्तर काहीही येऊ दे. ते त्यांच्या तोंडून यावं, आणि ते आपल्या सोयीचं नसलं तरी त्यांचं सामान बांधायला आपण हात लावावा. म्हातारपणी आई-वडिलांना सांभाळणं हे मुलांचं कर्तव्य आहे, हे आपल्या घराघरांत शिकवलं जातं. त्यांना जाऊ देणं हाही त्याच कर्तव्याचा भाग आहे.